हिरवट पडलेली निळी गिटार

"ताई, लाकडावर मारायचंय. प्रायमर कुठलं घेऊ?"

शनिवारची सकाळ होती. माझं दुकान गाड्यांच्या रंगांचं, वाळूज रस्त्यावर. गॅरेजवाले पेंटर पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन येतात आणि मी त्याच्याशी जुळणारा रंग मिसळून देते. फोनवर होता तो चिकलठाण्याचा पेंटर माझं जुनं गिऱ्हाईक. मूळचा पाचोडकडचा, हात चांगला. पण पत्रा सोडून त्यानं कधी कशाला रंग मारल्याचं मला आठवत नव्हतं.

"लाकडावर? दारं रंगवायला घेतली का?"

"दार नाय ताई, गिटार हाय. छावणीतल्या एका सरांची. निळी करून मागायलेत. लई जुनी हाय, पार हिरवी पडली."

मी हातातला डबा खाली ठेवला. "तिला हात लावू नका."

"काय? कंप्रेसर चालू हाय, ऐकू येईना. टँकर आला की घासायला घेतो. तवर प्रायमर द्या पाठवून."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, नुसता वाजत राहिला. आणखी दोनदा लावला. छावणीत गिटारवाले सर एकच, मला शिकवलेले. मग त्यांच्या घरचा फोन लावला. तोही वाजत राहिला. सरांकडे मोबाइल नव्हता. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केलेल्या त्या माणसाचं म्हणणं असं, की फोन भिंतीजवळच शोभतो.

ती गिटार मी विकत घेतली होती. पूर्ण नाही, दोन दिवसांपूर्वी इसार दिला होता आणि रविवारी आणायला जायचं ठरलं होतं.

शेजारच्या दुकानदाराला "लक्ष ठेवा" म्हणून मी शटर अर्धं ओढलं आणि स्कूटी काढली. आता गिटार वाचणार की नाही हे एका टँकरवर होतं.

हे नीट सांगायला हवं. जुना रंग घासायला पेंटर पाणीपेपर वापरतात. हा बारीक काचकागद पाण्यात भिजवून, पाणी सोडत सोडत घासायचा असतो. कोरडा घासला तर ओरखडे पडतात. ते लागोपाठ दुसरं दुष्काळी वर्ष होतं. तेव्हाच्या औरंगाबादेत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होतं, आणि चिकलठाण्याच्या पुढच्या नव्या वस्त्यांना तर नळच नव्हते. प्यायच्या पाण्यात पेपर बुडवणारा पेंटर त्या वर्षी शहरात सापडला नसता. त्यामुळे टँकर येईपर्यंत गिटार सुरक्षित होती. टँकर कधी येईल, ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं.

मी गिटार फार चांगली वाजवत नाही. कॉलेजात असताना दोन वर्षं सरांकडे शिकले, तेवढीच. सर दिवसा टेलिफोन खात्यात असायचे, संध्याकाळी शिकवायचे आणि लग्नसराईत, गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. शिकवायला साध्या लाकडी गिटारी होत्या. इलेक्ट्रिक गिटार क्लासच्या वेळी पेटीत असायची. महिन्यातून एकदा सर ती बाहेर काढून तारा पुसायचे, तेव्हा आम्ही बघायचो. हात लावायची परवानगी नव्हती.

ती इथं आली कशी, तर वेरूळची लेणी बघायला आलेल्या एका परदेशी माणसाकडचे पैसे संपले. सर तेव्हा विशीतले, स्टेशनजवळच्या हॉटेलात वाजवायचे. त्याला परतीच्या वाटेला लागायचं होतं आणि सरांना गिटार हवी होती.

मी रंगाच्या धंद्यात पडले तेव्हा मला त्या गिटारीचा अर्थ कळला. ती बनवणारी अमेरिकन कंपनी साठच्या दशकात बहुतेक गिटारी एकाच पद्धतीनं रंगवायची, मध्ये पिवळसर आणि कडेला काळपट होत जाणाऱ्या. वेगळा रंग हवा असेल तर आधी सांगावं लागे. मग कारखाना मोटारगाड्यांच्या रंगांच्या कार्डातला रंग मारून देई. सरांच्या गिटारीचा फिकट निळा फार थोड्या गिऱ्हाइकांनी मागितला असणार. हिरवटाखाली काय असेल ते ओळखून जुन्या कार्डांत मी तो शोधून काढला होता. अशी गिटार शहरात दुसरी नव्हती. देशात किती असतील, बोटांवर मोजाव्यात.

आणि तिच्यावरचा रंग कारखान्यातून निघाला तोच होता. माझ्या लेखी मुद्दा एवढाच. मी रोज दुसऱ्यांच्या रंगांच्या नकला करते. ठोकलेल्या गाडीचं दार मी असं जुळवून देते, की मालकालाही कुठलं दार नवं ते सांगता येत नाही. पण मला सांगता येतं. एकदा घासून काढलेला रंग कुणीही परत मारील, मीसुद्धा मारीन, तरी तो तो नसतो.

मी सरांना दर दोन-तीन वर्षांनी विचारायचे, "कधी विकलीत तर मला द्या." ते म्हणायचे, "मेल्यावर ये." त्या उन्हाळ्यात त्यांनी आपणहून बोलावलं. वरच्या मजल्यावर बादल्या चढवून त्यांची कंबर धरली होती आणि मुलगी पुण्याला चला म्हणून मागं लागली होती. पुण्याच्या घरात पेटी ठेवायला जागा नव्हती. किंमत एका वाक्यात ठरली.

घोळ मी घातला तो त्यानंतर.

मी त्यांच्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. गिटारीच्या पुढच्या बाजूला पांढरी प्लास्टिकची प्लेट असते, तिचे स्क्रू काढले आणि प्लेट उचलून त्यांना खालचा भाग दाखवला. तिथं स्वच्छ, फिकट निळा रंग होता. आजूबाजूला सगळी गिटार हिरवट.

"हे बघा सर. मूळचा रंग हा. वरून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं, ते उन्हानं पिवळं पडतं. निळ्यावर पिवळं आलं की हिरवं दिसतं. प्लेटच्या खाली ऊन गेलं नाही, म्हणून तिथला रंग शाबूत आहे. बाहेरचा बिघडला."

मी खुशीत होते. पिवळं पडलेलं लॅकर हाच रंग अस्सल असल्याचा पुरावा, आणि तो सापडल्याचा मला आनंद झाला होता. पण ते मी मनातच म्हटलं. तोंडातून बाहेर पडलं ते "बिघडला".

सर वाकून त्या निळ्या जागेकडे बघायला लागले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी हिला हिरवी समजत होतो." मी हसले. त्यांनी इसार घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "रविवारी ये. तयार करून ठेवतो."

तयार म्हणजे नव्या तारा, असं मी धरून चालले.

खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. आपल्याकडे इसार घेतल्यावर वस्तू विकणाऱ्याच्या घरी पाहुणी असते. म्हैस विकली तरी ती धुऊन, शिंगांना तेल लावून देतात. घर विकलं तरी चुना मारून मग किल्ली देतात. मळकी वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवली तर लाज ठेवणाऱ्याची. माझी आधीची स्कूटी विकताना मीच पदरचा रंग लावून ती चकाचक करून दिली होती. आणि सरांना मात्र मी त्यांच्याच घरात बसून सांगितलं होतं, की तुमची वस्तू बिघडलेली आहे.

नगर नाक्यापासून क्रांती चौकापर्यंत रस्ता बरा होता. पुढं जालना रोडवर उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंना पत्रे लावलेले आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. त्या वाटेत माझ्या पुढं एक टँकर होता.

निळा, मागच्या वॉल्व्हमधून पाणी गळणारा. त्याच्या मागं तापलेल्या डांबरावर ओली रेघ उमटत होती आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती. मी हॉर्न वाजवला. टँकरवर काही परिणाम झाला नाही. त्या वर्षी टँकरला जी वाट मिळायची ती कुणा मंत्र्यालाही मिळाली नसती.

सेव्हन हिलला तो वळेल असं वाटलं, वळला नाही. सिडकोत वळेल म्हणून मी आधीच डावीकडे सरकले. तो सरळ गेला. सिडकोच्या पुढं टँकर सरळ जातोय म्हणजे मुकुंदवाडीला नाही तर चिकलठाण्याला. मुकुंदवाडीला मी त्याला गाठलं, ड्रायव्हरच्या बाजूनं जाऊन ओरडून विचारलं, "कुठं चाललाय?" त्यानं खिडकीतून खाली बघितलं. "गाडी भरून मागितली असेल तर मालकाला फोन करा बाई!" आणि ॲक्सिलेटर दाबला. पुढं पाइपलाइनसाठी रस्ता उकरला होता. पाइप पडले होते, त्यांच्यात पाणी यायचं होतं. स्कूटी मातीत घसरली, पाय टेकून सावरली, तोवर टँकर पुन्हा पुढं.

गॅरेजच्या गल्लीत तोच वळला.

मी पोचले तेव्हा गल्ली बंद झाली होती. टँकर मधोमध, भोवती ड्रम, हंडे, कॅन आणि बायका. स्कूटी तिथंच लावून मी टँकर आणि भिंत यांच्यामधून घुसले.

"ओ बाई, नंबर लावा नंबर!"

"मला पाणी नको."

"पाणी नको? मग टँकरच्या मागं कशाला पळायली, दर्शनाला?"

सगळ्या हसल्या. एकीनं मात्र हंडा उचलून वाट दिली.

गॅरेजमध्ये सर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला. लपवून ठेवलेली गोष्ट उघडी पडल्यावर पडतो तसा. "अगं, तुला उद्या बोलावलं होतं ना?"

दोन टायरांवर गोणपाट टाकून त्यावर गिटार पालथी ठेवली होती. प्लेट, बटणं, स्क्रू स्टीलच्या वाटीत. पाठीवर, मधोमध, तळहाताएवढी जागा घासलेली होती. पेंटरनं टँकरची वाट बघता बघता कोरड्या कागदानं अंदाज घेतला होता. तिथलं लॅकर गेलं होतं, खालचा निळा दिसायला लागला होता. त्याच्याखालचं लाकूड अजून दिसत नव्हतं.

पेंटर दोन भरलेल्या बादल्या घेऊन आत आला. "या ताई! प्रायमर आणलं?" म्हणत त्यानं पाणीपेपरचे चार तुकडे बादलीत सोडले.

मी गिटार उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. कपड्यांना धूळ लागली.

"सर, हिला घासायचं नाही."

"का नाही? तूच म्हणालीस बिघडली म्हणून."

"चुकीचं बोलले. हिची सगळी किंमत ह्या रंगातच आहे. हा घासला तर मग नुसतं लाकूड राहील."

"मग परवा तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं होतं. नको ते बोलले."

सर उठून उभे राहिले. "हे बघ. मी इसार घेतलाय. असली कळकट वस्तू स्वतःच्या विद्यार्थिनीच्या हातात देऊन मी पुण्याला जाणार नाही. नीट करून देईन, नाही तर देणार नाही. इसार परत ने."

ते रागावले की आवाज खाली जायचा. तेव्हा ऐकायला पुढं झुकावं लागलं. म्हणजे ते गंभीर होते.

पेंटर म्हणाला, "सर, ताई रंगवाल्या हायेत. त्यास्नी कळतंय त्यातलं."

"तुम्ही तुमचं काम करा."

"करतो की. पण गिटार कुणाची ते तर कळू द्या."

"माझी," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

पेंटरनं आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. "मग पेपर भिजू देऊ का काढू?"

बाहेर टँकरचा पाइप एका ड्रममधून दुसऱ्यात जात होता आणि भांडण चाललं होतं. माझ्यावर दोन्ही बाजूंनी हरायची वेळ आली होती. घासू दिली तर गिटार जाणार, अडवली तरी जाणार. रडून, विनवून सरांवर परिणाम होत नसे. क्लासमध्ये मुली बोटं दुखतात म्हणून रडायच्या, तेव्हा ते खिडकीबाहेर बघायचे.

मी गिटार सुलटी केली. "सर, इथं हात ठेवा. वाजवताना ठेवता तसा."

"कशाला?"

"ठेवा तर."

त्यांनी उजवा हात गिटारीच्या वरच्या कडेवर टेकवला. "आता उचला." तिथं, बरोबर त्यांच्या हाताच्या लांबीचा, एक निळा पट्टा होता. वर्षानुवर्षं वाजवताना हात घासून तिथलं लॅकर गेलं होतं. इतक्या वर्षांत तो पट्टा त्यांनी बघितला नसेल असं नाही, पण कशाचा हे त्यांना माहीत नव्हतं.

"हे कुणी घासलं?" मी विचारलं.

त्यांनी अंगठा पट्ट्यावरून फिरवला.

"तुम्ही घासलंय. पेपर न वापरता. आणि बाकीची हिरवी केली उन्हानं आणि तुमच्या सिगारेटच्या धुरानं."

"सिगारेट मी कधीच सोडली."

"गिटारीनं नाही सोडली."

पेंटर हसला आणि लगेच बादलीकडे बघायला लागला. सरांनी पट्ट्यावर पुन्हा हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग ते म्हणाले, "म्हणजे बिघडवली ती मीच."

"वापरली. ह्या धंद्यात वापरलेली आणि बिघडलेली ह्यांत फरक करतात."

"तो तुमच्या धंद्यात. आमच्या घरात नाही करत." ते पुन्हा खुर्चीवर बसले. आवाज थोडा वर आला होता. "काहीच नवं केलं नाही आणि दिली, असं नको मला. काहीतरी केलं पाहिजे."

तेवढ्यात पेंटर म्हणाला, "ताई, दोन बादल्या पाणी घेतलंय. पेपर बी भिजला. आता हे माघारी तर ओतता येत नाय."

कोपऱ्यात गिटारीची पेटी उभी होती. ती काही अमेरिकेची नव्हती. सरांनी इथल्याच सुताराकडून प्लायवूडची करून घेतलेली, वरचं काळं रेक्झिन जागोजागी सुटलेलं, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही रंगवा."

सरांनी पेटीकडे बघितलं. "कुठला रंग?"

"प्लेटच्या खालचा. मी मिसळून देते."

"जुळेल?"

"मी जुळवला तर जुळेल."

बाहेर टँकर सुरू झाला, मागं सरकला आणि बायका ओरडल्या. "दोन हात मारा," ते अखेर पेंटरला म्हणाले. "आणि आतून नवं कापड लावा. लाल नको."

पेंटरनं रेक्झिन ओढून काढलं आणि त्या टँकरच्या पाण्यानं पेटी घासायला घेतली. पाणी काळं झालं तरी फेकलं नाही. पेपर पिळून, त्याच पाण्यानं दुसरी बाजू केली आणि उरलेलं दारातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. मी गिटार मांडीवर घेऊन बसले. प्लेटचा एकेक स्क्रू लावायला घेतला. सर बघत होते. "स्क्रू तिरका जातोय," एवढंच म्हणाले.

दुपारी दुकानात मी तो निळा मिसळला. एरवी असा रंग जुळवायला मला अर्धा तास लागतो. त्या दिवशी संध्याकाळ झाली. शेवटचा पांढऱ्याचा थेंब टाकला तेव्हा कार्डावरचा आणि डब्यातला रंग मलाच वेगळा सांगता येईना. दुसऱ्या कुणाला तर येणारच नव्हता.

रविवारी संध्याकाळी मी छावणीत गेले. पेटी निळीशार, थिनरचा वास येणारी. आत करड्या कापडावर हिरवट गिटार, नव्या तारांची. सरांनी पेटी बंद करून दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाले, "बघून घे. नंतर तक्रार चालणार नाही." मी बघितलं. पाठीवर तळहाताएवढा निळा तुकडा होता, त्यावर मी आजवर लॅकर मारलेलं नाही. पुढं जुन्या गिटारींची माहिती असलेले एक गृहस्थ मुद्दाम बघायला आले. तो तुकडा बघून ते चुकचुकले, म्हणाले, एवढ्यानं किंमत बरीच उतरली. मी त्यांना चहा दिला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या जुन्या रंगाबद्दल मी विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तर आधी त्याला काय करायचंय ते विचारते.

पेटीचा निळा अजून तसाच आहे. हल्लीचं लॅकर पिवळं पडत नाही. गिटार आणखी थोडी हिरवी झाली आहे.

सर पुण्याहून दिवाळीला फोन करतात, घरच्या फोनवरून. पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतात. मग विचारतात, "कशी आहे?"

"हिरवीच."

"बघ बाई. तेव्हा गप्प बसली असतीस, तर निळी करून दिली असती."

"पेटी निळी आहे ना सर."

"पेटी काय वाजवणार आहेस?" म्हणतात, आणि फोन ठेवतात.